आषाढात फोडलेला धुरा

वर

कमान आधी उभी राहिली. लॉन मागून यायचं होतं.

फुलचूरच्या रस्त्याला लागून केवलरामांची धानाची बांधी होती. चारी बाजूंनी मातीचे धुरे, आत पाणी, पाण्यात धान, असं तीन पिढ्या चाललेलं. केवलराम थकले आणि कारभार मुलाच्या, भूपेंद्रच्या हाती गेला. तोवर गोंदिया शहर सरकत सरकत फुलचूरला येऊन टेकलं होतं, आणि धानापेक्षा लग्नं जास्त पिकतात हे भूपेंद्रला दिसत होतं. दोन हजार बाराच्या उन्हाळ्यात त्याने बांधीच्या तोंडाशी लोखंडी कमान ठोकून घेतली, तिच्यावर ‘स्वागत लॉन’ लिहून घेतलं, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त आपल्याच पुतणीसाठी धरला. मग त्याच्या लक्षात आलं की कमानीच्या आत नुसती भेगाळलेली माती आहे.

म्हणून रुक्माबाई.

रुक्माबाई बावीस वर्षं गोंदियाच्या एका नर्सरीत रोजाने होती. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, मिलवाल्यांच्या बंगल्यांपुढची हिरवळ तिने लावलेली. काम संपलं की नर्सरीचा मालक यायचा, बंगलेवाल्याच्या खांद्याला खांदा लावून गवतावर फोटो काढून घ्यायचा. रुक्माबाई फोटोच्या बाहेर पाण्याची नळी गुंडाळत असायची. त्या वर्षी तिने नर्सरी सोडली. का, ते कुणाला सांगितलं नाही. सरळ भूपेंद्रच्या दारात गेली.

“लॉन मी लावते.”

“तू? म्हणजे नर्सरीवाला?”

“नर्सरीवाला नाही. मी. बाया माह्या, माती मी पाहीन, गवत मी आनीन. बिघडलं तं माहं नाव. जमलं तं बी माहंच.”

भूपेंद्र हसला. बाई नर्सरीपेक्षा स्वस्तात पडणार होती, म्हणून हो म्हणाला. रुक्माबाईला त्याच्या हसण्याशी देणंघेणं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं काम तिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. हे वाया गेलं तर दुसरं कुणी देणार नव्हतं. फुलचुरात बातमी दुपारच्या आत पोचली. बौद्ध मोहल्ल्यातली बाई ठेकेदारीण झाली म्हणे. कशाची? गवताची. लोक पोट धरून हसले.

“जन्मभर लोकायच्या वावरातलं गवत उपटलं,” तिचा दीर म्हणाला, “आन आता लावाले चालली.”

“हो,” ती म्हणाली. “उपटून उपटून ओळख झाली.”

दोन बोटं खाली

कोणतं गवत?

भूपेंद्रने नागपूरच्या एका हॉलमधलं ‘कार्पेट’ मोबाइलवर दाखवलं. चटईसारखं दाट, गुंडाळी करून येणारं.

“हे पाहिजे मले. एकदम गद्दा.”

“गद्दाच हाय तो. मांडवाखाली चार दिवस झाकून ठेवाल तं पिवळा पडन. खुर्ची रुतन तठी टक्कल पडन, अन ते टक्कल भरता भरता वर्ष जाईन.”

“मग कोणतं?”

“दूब.”

“दूब! अवं बाई, दूब तर गणपतीले वाहतात. रस्त्यावर उगवते, बकऱ्या खातात.”

“म्हनूनच. बकरी खाते, म्हैस तुडवते, गाडी जाते, तरी जिती राहते. तुमच्या वरातीत म्हशीहून हलके लोक येनार हायेत का?”

भूपेंद्रने मोबाइल खिशात घातला. त्याला वाटलं, बाई अडाणी आहे आणि हट्टी आहे. एवढं मात्र त्यालाही दिसत होतं की बांधीवर झाड नव्हतं. दिवसभर ऊन, आणि दुबीला ऊनच लागतं.

वीतभर खाली

तिने मधोमध गुडघाभर खड्डा खणला आणि संध्याकाळी पाण्याने काठोकाठ भरला. सकाळी पाणी तिथेच. वर एक बेडूक.

“भूपेंद्रभाऊ, तुमच्या लॉनात पोहनारा आला. त्याचं तिकीट फाडा.”

खड्ड्याच्या भिंतीवर सगळं उघडं पडलं होतं. वर भुसभुशीत माती, आणि वीतभर खाली तव्यासारखा घट्ट थर. कुदळ मारली की टण्ण वाजायचा. तो थर देवाने केलेला नव्हता, केवलरामांच्या आजाने, बापाने आणि खुद्द केवलरामांनी केला होता. दर आषाढात पाण्यात नांगर, पाण्यात पाटा, बैलांचे खूर. चिखल इतका बारीक करायचा की खालची छिद्रं लिंपली जावीत आणि पाणी जागचं हलू नये. पाणी धरून ठेवणारी बांधी म्हणजे लेकीला सांगून येणाऱ्या पाहुण्यांपुढे मिरवायची गोष्ट. केवलरामांची बांधी पंचक्रोशीत मिरवत होती.

“हा थर फोडा लागते,” रुक्माबाई म्हणाली.

केवलराम धुऱ्यावर उकिडवे बसले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा. ते खड्ड्यात थुंकले, आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन त्यावर पायाने माती लोटली.

मे महिनाभर काम चाललं. तिच्या सहा बाया होत्या, सगळ्या धान रोवणाऱ्या. त्यांची पुढारी धुरपताबाई. वयाने रुक्माबाईपेक्षा पाच पावसाळे मोठी, जिभेने दहा.

मोथा आहे, चिवट तण. पाणी मारा, उगवू द्या, गाठीसकट काढा. पुन्हा पाणी मारा. पुन्हा उगवेल. पुन्हा काढा. चिडू नका, तो आपल्याआधीपासून इथे आहे.

सब्बल घ्या, लोखंडी पहार. थर फोडा. नाही, वरवर खरवडू नका, आरपार.

रेती मिसळा. मिलमधली कोंड्याची राख मिसळा. कुजलेलं शेणखत मिसळा, ताजं नाही. ताज्यात बी असतं.

उतार द्या. रस्त्याकडे उंच, नालीकडे खाली. पन्नास पावलांना हातभर.

उतार पाहून धुरपताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

“तिरपं दिसून राहिलं वो.”

“तिरपंच पाहिजे.”

“लोक हसतीन. म्हनतीन या बायाले बांधी सपाट करता येत नाही.”

“हसू दे.”

“तुले का हसतीन? तू ठेकेदारीन. आमाले हसतीन!”

नालीकडचा धुरा रुक्माबाईने दोन हात रुंद तोडून ठेवला. पावसाचं पाणी तिथून बाहेर पडणार. केवलराम रोज संध्याकाळी त्या खिंडारापाशी येऊन उभे राहत आणि जीभ दातांवर दाबून परत जात.

सौंदड

दुबीची पहिली खेप जवळपासची होती, तिच्यात अर्धं क्षेत्र भागणार होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी, आषाढ लागला तशी, रुक्माबाई सौंदडला गेली. तिथल्या एका तलावाची पाळ तिला ठाऊक होती. वर्षानुवर्षं त्या पाळीवर म्हशी बसत होत्या, आणि म्हशींखालची दूब बोटाच्या एका पेरात दोन-दोन गाठी घेऊन जमिनीला चिकटून वाढली होती. लांब गाठीची दूब वर पळते, आखूड गाठीची पसरते. तिने चिमटीत धरून ओढून पाहिली. सुटेना. पुन्हा ओढली. बोट कापलं, दूब सुटली नाही.

“हेच,” ती रक्त चोखत म्हणाली. बाजूला टेकचंद पिकअपवाला उभा होता, त्याने गवत पाहून खुश झालेली बाई पहिल्यांदाच पाहिली.

पण त्या दुपारी आभाळ फुटलं. पिकअप पाळीखालच्या चिखलात रुतली. रुक्माबाईने रात्र सौंदडला ओळखीच्या घरी काढली, दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबेना, आणि तिसऱ्या दिवशी गवताची पोती टेकचंदवर सोपवून ती सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला निघाली. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंनी रोवणे चालले होते. वाकलेल्या बायांच्या रांगा मागे मागे सरकत होत्या, आणि त्यांच्या पुढे हिरवं होत होतं. ते पाहून तिला बरं वाटलं. कुणालाही वाटतं.

चार बोटं पाणी

कमानीखालून आत आली आणि थांबली.

बांधी भरली होती.

चार बोटं पाणी, काचेसारखं. पाण्यात आभाळ. आणि पाण्यातून वर आलेल्या दुबीच्या जुड्या, चार-चार काड्यांची एक, वीत-वीत अंतरावर, ओळीत, एकही जुडी वाकडी नाही. नालीकडचं खिंडार बुजवून त्यावर हाताने थापलेला नवा धुरा. उतार गेला. कुठे गेला? चिखल झाला.

सहा बाया धुऱ्यावर बसून भाकर खात होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहऱ्यावर तेज.

“कोनं केलं?” रुक्माबाईने विचारलं.

“आमी!” धुरपताबाई म्हणाली. “पानी आलं ना वो. तू नाही अठी. केवलराम काकाजी आले, म्हने ओल चालली, कायची वाट पाहून राहिल्या? त्यायनंच लोखंडी चाकाचा टॅक्टर आनला, चिखल केला, पाटा मारला. आमी रोवना करून टाकला. एका दिसात, सहा बाया! अर्ध्या जागेचं गवत, पन विरळ विरळ करून पुरं पुरवलं. पाह्य कसं सरळ.”

रुक्माबाईने पाहिलं. सरळ होतं. यापेक्षा सुंदर रोवणा तिने कुठे पाहिला नव्हता. त्या बायांनी आळस केला नव्हता, चोरी केली नव्हती. पाणी आलं होतं, ओल होती, हातात रोप होतं. त्यांच्या हातांना जे येत होतं ते त्यांनी मन लावून केलं होतं. तिच्या स्वतःच्या हातांनीही कदाचित तेच केलं असतं, बावीस वर्षांपूर्वी.

तिने पायातली चप्पल काढून चिखलात पाय घातला. रेती खाली बसली होती. राख वर तरंगून एका कोपऱ्यात जमली होती. महिनाभर फोडलेला थर लोण्यासारख्या चिखलाने पुन्हा लिंपला गेला होता.

एवढ्यात भूपेंद्र मोबाइल उंच धरून आला. फोटो काढत होता.

“रुक्माबाई! फर्स्ट क्लास! आइना आहे, आइना! आभाळ दिसून राहिलं त्यात. मी उगीच घाबरत होतो. मानलं तुले.”

तिला म्हणता आलं असतं असं

हो भाऊ, बरं झालं.

तुमच्या पायगुणानं पाऊस आला.

बायांनी मेहनत केली, त्यांचं कौतुक करा.

हे म्हटलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. आठ दिवसांत दूब धरली असती, श्रावणात हिरवी झाली असती. दूब सहसा मरत नाही. दिवाळीपर्यंत लोक गाड्या थांबवून पाहत राहिले असते. मग पाणी आटलं असतं, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत ही माती विटेसारखी कडक होऊन मूठ जाईल अशी फाटली असती. अवकाळी पाऊस झालाच तर सगळी वरात घोट्याएवढ्या चिखलात. तेव्हा लोक म्हणाले असते, जमीनच खराब, बाई काय करील? तिला कुणी दोष दिला नसता.

कुणाला कळलं नसतं.

तिला कळलं असतं.

धुरा

तिने फावडा उचलला आणि नालीकडच्या नव्या धुऱ्यावर पहिला घाव घातला.

केवलराम धावत आले. पंच्याहत्तरीत माणूस तसा धावत नाही.

“का करून राहिली?”

“पानी सोडून राहिली, काकाजी.”

“आषाढात?” त्यांचा आवाज चिरकला. “आषाढात भरल्या बांधीचं पानी सोडनारा मानूस मी जन्मात पाह्यला नाही!”

“मंग आज पाहा. बाई हाय.”

ते खिंडारासमोर आडवे उभे राहिले. दोन्ही पाय धुऱ्यात रोवून. रुक्माबाईने फावडा टेकवला.

“काकाजी, एक सांगा. कार्तिकात या बांधीचं का होते?”

“का होते म्हंजे? पानी तोडतो, धान कापतो.”

“मंग?”

“मंग सुकते. कडक होते. खळं करतो तठीच.”

“भेगा?”

केवलरामांनी पायाखालच्या धुऱ्याकडे पाहिलं.

“भेगा किती पडतात, काकाजी?”

“बैलाचा खूर जाते,” ते हळूच म्हणाले.

“तठी तुमची नात चालनार हाय. नव्या शालूत, खाली न पाहता. तुमी धान लावला, मस्त लावला. मले अठी धान नाही पाहिजे.”

केवलराम पाण्याकडे पाहत राहिले. मग ते एक पाऊल बाजूला सरले. एकच.

“मी फोडनार नाही,” ते म्हणाले. “पन तू फोडला तो बुजवनार बी नाही.”

पाणी सुटलं. आधी बोटाएवढं, मग मांडीएवढं.

आता भूपेंद्र आला, आणि त्याने फोटो काढणं थांबवलं होतं.

“बंद कर. ए बाई, बंद कर! पागल झाली का? मी खुश आहो ना? मालक खुश तर तुले का तकलीफ?”

“तुमी खुश हा म्हनूनच तकलीफ. उद्या कोनी विचारलं तं माहंच नाव सांगसान.”

“जमीन कोणाची आहे?”

“जमीन तुमची. काम माहं. दोन्ही तुमचं नाही.”

“मी नर्सरीवाल्याले बोलावतो. आत्ता. फोन लावतो.”

“लावा. तो येईन, हिरवं हाय म्हनन, तुमच्यासंगं फोटो काढन आन जाईन. बावीस वर्सं पाह्यलं मी त्याले. कार्तिकात त्याचा फोन लागते का ते पाहा फक्त.”

भूपेंद्रने नंबर काढला. अंगठा नंबरावर ठेवला. धुऱ्यावर बाप उभा होता, आणि बाप पाणी जाताना पाहत होता. सुपीक बांधी मोडू नको म्हणून दोन वर्षं भांडलेला हा माणूस आज मुकाट उभा का आहे, हे भूपेंद्रला समजेना. त्याने फोन लावला नाही. खिशातही घातला नाही.

रुक्माबाई पाण्यात उतरली आणि पहिली जुडी उपटली.

“ए वो!” धुरपताबाई किंचाळली. भाकर हातातच. “हात लावू नको! सासरी आल्यापासून रोवना करून राहिली मी, लावलेलं कधी उपटलं नाही. माह्या हातचं कोनी उपटलं नाही.”

“तू नको उपटू. मी उपटते.”

“आमची इज्जत काढून राहिली तू. सगळ्या गावासमोर.”

“सगळ्या गावासमोर माही बी निघून राहिली. बाजूले सर.”

“ठेकेदारीन झाली म्हनून का?”

“हो,” रुक्माबाई म्हणाली. “म्हनूनच.”

धुरपताबाईने पदर खोचला, पाच बायांना खूण केली, आणि सहाही जणी कमानीखालून निघून गेल्या. एकीने वळून पाहिलं. धुरपताबाईने तिचं मनगट ओढलं.

त्याच्याही खाली

दिवस मावळेपर्यंत तिने एकटीने सात ओळी काढल्या. एकूण ओळी किती, ते तिने मोजलं नाही. उपटलेल्या जुड्या ओल्या पोत्याखाली रचल्या. ओली ठेवली तर दूब दहा-बारा दिवस तगते, बारीक कापून पुन्हा लावता येते. मग सात ओळींच्या उघड्या पट्ट्यात सब्बल घेतली आणि चिखलातून खाली घातली. वीतभर मऊ. मग टण्ण. मग पुन्हा. पुन्हा. दहाव्या घावाला सब्बल अचानक हातभर आत गेली, ती तोल जाऊन गुडघ्यावर पडली, आणि छिद्रातून पाणी बुडबुडत खाली जाऊ लागलं.

ती तशीच गुडघ्यावर बसून ते ऐकत राहिली. मग दोन पावलांवर दुसरं छिद्र पाडायला घेतलं.

आठ दिवसांची उघाड लागणार होती, माती मुठीत दाबली की सुटी व्हायला. उघाड मिळाली तर पुन्हा उतार, पुन्हा रेती, आणि सौंदडची दूब. नाही मिळाली तर श्रावणातली वाट पाहायची. श्रावणातही नाही मिळाली तर? ते तिला माहीत नव्हतं. माहीत नाही हे ती भूपेंद्रला तोंडावर सांगून आली होती, आणि तो गाडीला लाथ मारून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपताबाई आली. एकटी. उशिरा. रुक्माबाईकडे न पाहता पोत्याशी बसली, जुड्या बाहेर काढल्या आणि टोपल्यातल्या पाण्यात एकेकीची मुळं धुवायला लागली. चिखल निघाला पाहिजे, नाहीतर सडतात.

दहा-बारा जुड्या धुऊन झाल्या.

“उपटत नाही म्हनलं होतं,” धुरपताबाई शेवटी म्हणाली. “धूत नाही असं कोनं म्हनलं?”

“कोनीच नाही.”

“मंग तोंड फिरवून कायले बसली? इकडे दे ते दुसरं पोतं.”

दुपारी भूपेंद्र आला. कमानीखाली खुर्ची टाकून, पाय पसरून बसला. बांधीचा नालीकडचा पट्टा आता नुसता चिखल होता, खड्डे, छिद्रं, मध्ये उपटलेल्या ओळींच्या खुणा. रस्त्याने जाणारे थांबत होते. कालपर्यंत आरसा होता तिथे आज रेडे लोळून गेल्यासारखं झालं होतं. कुणी हसत होतं, कुणी मोबाइल काढत होतं. भूपेंद्र प्रत्येकाकडे पाहून मान दुसरीकडे वळवत होता.

गोवर्धन म्हणून कमानीवाला होता, त्यानेच ती लोखंडी कमान ठोकली होती. त्याने मोटरसायकल थांबवली, बंद केली नाही.

“काय गा भूपेंद्र, हे का करून राहिले? कालच पाह्यलं, झकास होतं. कोन म्हनलं उखडाले?”

मोटरसायकल फट फट करत राहिली. रुक्माबाईने सब्बल वर उचलली होती; ती तिने तशीच हवेत धरली. धुरपताबाईचे हात पाण्यात थांबले. भूपेंद्रने खुर्चीत अंग सावरलं, एकदा बांधीकडे पाहिलं, एकदा बापाकडे. बाप सकाळपासून नालीपाशी उभा होता आणि काठीने वाहतं पाणी मोकळं करत होता.

“काम रुक्माबाईचं आहे,” भूपेंद्र म्हणाला. चिडून म्हणाला, पण म्हणाला. “तिलेच विचार.”

गोवर्धनने मान लांब केली. “काय वो बाई?”

सब्बल खाली आली. टण्ण.

“आता टाइम नाही,” रुक्माबाई म्हणाली, आणि पुढच्या छिद्राकडे सरकली.